आधी ताट, मग नाव : ‘बाशू’मधल्या एका घराचा प्रकरण अभ्यास

भातशेतात कसलीशी चाहूल लागते. वाकून काम करणारी बाई उठते आणि तिचा चेहरा पडद्याच्या खालच्या कडेतून सर्रकन वर येतो. पांढऱ्या ओढणीनं नाक-तोंड झाकलेलं. दिसतात फक्त डोळे, आणि ते थेट आपल्यावर रोखलेले. ही नायी. तिच्या शेतात एक काळासावळा पोरगा अंग चोरून लपलाय. ती त्याच्यावर खेकसते, त्याला हुसकून लावू पाहते. त्याला तिचा एक शब्द कळत नाही, तिला त्याचा एक शब्द कळत नाही. आणि तरीही थोड्या वेळानं ती त्याच्यासाठी खायला ठेवून जाते.

मेळघाटातल्या प्राथमिक शिक्षकांबरोबर बसून मी ‘बाशू’ हा इराणी चित्रपट तीनदा पाहिलाय. दर वेळी चर्चा याच जागी अडते. हुसकणं आणि खायला ठेवणं, यांच्या मधल्या त्या थोड्या वेळात नक्की काय घडलं? नायीला त्याची कहाणी कळली का? नाही. त्याचं नाव कळलं का? तेही नाही. कळलं एवढंच, की पोर उपाशी आहे. हा सगळा अभ्यास मी त्या एका क्रमाभोवतीच लिहिते आहे.

चित्रपटाचं मूळ नाव ‘बाशू, गरीबे-ये कूचक’. लेखक, दिग्दर्शक आणि संकलक बहराम बैझाई. चित्रपट 1986 च्या सुमारास तयार झाला, इराणच्या चित्रगृहांत मात्र 1989 मध्ये पोचला. आपल्याकडे फिल्म क्लबांत नियमित जाणाऱ्यांना कियारोस्तामी आणि मजीदी हे इराणी दिग्दर्शक तोंडपाठ असतात, बैझाईंचं नाव निघालं की मात्र बहुतेक जण विचारात पडतात. इराणमध्ये चित्र उलटं आहे. तिथल्या एका सिनेमासिकानं 1999 मध्ये समीक्षकांचा कौल घेतला, तेव्हा आजवरचा सर्वोत्तम इराणी चित्रपट म्हणून याच चित्रपटाची निवड झाली.

नावातला ‘गरीबे’ हा शब्द मराठी माणसानं जरा हातात घेऊन बघावा. मूळ अरबी ‘ग़रीब’ म्हणजे परका, अनोळखी, आपल्या गावापासून लांब आलेला. फारसीत त्याचंच ‘गरीबे’ झालं. आपल्याकडे तो शब्द फारसीच्या वाटेनं आला आणि येता येता त्याचा अर्थ निर्धन, दीनवाणा असा झाला. ‘गरीब बिचारा’ असं आपण सहज म्हणतो, पण परक्या गावात पाऊल ठेवलेल्या माणसाची केविलवाणी अवस्था त्या शब्दात आधीपासून दडलेली आहे. ‘कूचक’ म्हणजे छोटा. छोटा परका. मला तर ‘छोटा गरीब’ हेच भाषांतर जास्त खरं वाटतं.

प्रकरण काय आहे

22 सप्टेंबर 1980 ला इराकनं इराणवर हल्ला केला आणि युद्ध सुरू झालं. युद्धविराम लागू झाला 20 ऑगस्ट 1988 ला. जवळपास आठ वर्षं. पहिला आणि सगळ्यात मोठा तडाखा बसला नैर्ऋत्येच्या खुझेस्तान प्रांताला. तिथे तेल आहे, इराकला लागून सीमा आहे आणि अरबी बोलणारी मोठी वस्ती आहे. खुर्रमशहर हे बंदराचं शहर ऑक्टोबर 1980 मध्ये पडलं, ते परत घ्यायला इराणला मे 1982 उजाडावा लागला. खुझेस्तानातली लाखो माणसं घरदार सोडून देशात मिळेल तिकडे गेली.

बाशू त्यांतलाच एक. बॉम्बहल्ल्यात त्याचं घर आणि घरातली माणसं डोळ्यांदेखत जळतात. तो एका मालट्रकमध्ये शिरतो आणि लपून राहतो. ट्रक वाळवंट आणि डोंगर ओलांडत उत्तरेकडे जात राहतो. मध्येच कुठेतरी सुरुंगांचे धमाके होतात. ते बांधकामासाठी लावलेले असतात, पण पोराला वाटतं बॉम्बच पडले. तो उडी मारून रानात पळत सुटतो. डोळे उघडून बघतो तर चहूकडे हिरवंगार. तो पोचलाय कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात, आपल्या गावापासून हजार किलोमीटरच्या आसपास. इथे पाऊस आहे, भातखाचरं आहेत, धुकं आहे. माणसं गोरी आहेत आणि गिलकी बोलतात. युद्ध त्याच देशात चालू आहे, इथे मात्र त्याचा मागमूस नाही.

नायीचा नवरा कामाच्या शोधात लांब गेलाय. घरी दोन लहान मुलं आहेत, गुरं आहेत, शेत आहे, आणि सुगी तोंडावर आलेली. नवऱ्याची पत्रं येतात, ती दुसऱ्यांकडून वाचून घ्यावी लागतात आणि उत्तरंही दुसऱ्यांकडूनच लिहून घ्यावी लागतात. आजूबाजूला सासरची मंडळी आणि शेजारीपाजारी. अशा घरात हा मुलगा येतो.

चित्रपटात युद्ध पडद्यावर दिसतं ते जेमतेम सुरुवातीची काही मिनिटं. उरलेला सगळा वेळ हे घर.

साबण

चित्रपटातला सर्वांत अवघडून टाकणारा प्रसंग साबणाचा आहे. नायी बाशूला पाण्यावर नेते आणि अंघोळ घालते. साबण लावते, घासते, पुन्हा लावते, पुन्हा घासते. रंग काही उतरत नाही. तो उतरण्यासारखा नाहीच, हे तिला ठाऊक नाही, कारण इतका काळा माणूस तिनं जन्मात पाहिलेला नाही. तिच्या हातांत जोर आहे आणि मायाही आहे. त्या घासण्यात दोन्ही एकत्र मिसळलंय.

पहिल्यांदा आम्ही हे पाहिलं तेव्हा एक शिक्षिका हळूच म्हणाल्या, ‘आपणही हेच करतो ना मुलांना?’ त्या भाषेबद्दल बोलत होत्या. पहिलीत कोरकू बोलणारं पोर येतं. कोरकूचा मराठीशी कुळाचाही संबंध नाही. आपण मात्र पहिल्या दिवसापासून ते ‘अशुद्ध’ धुऊन काढायच्या मागे लागतो, जोर लावून आणि मायेनंसुद्धा. पोर गप्प होतं. मग आपण शेरा मारतो, ‘मूल बोलत नाही.’

बैझाई नायीला संत करत नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ती पहिल्यांदा त्याला हाकलते. त्याचा काळेपणा तिलाही खुपतो. गावानं नाकं मुरडली की ती भांडते, पण तिच्या मनातही शंका येऊन गेलेली असते. पोरगा कुणाचा, कुठला, हातचलाखी करणारा तर नाही ना? फरक इतकाच, की तिच्या शंकेमुळे त्याची भाकरी एकदाही थांबत नाही. गावाचं म्हणणं असं, की आधी तो कोण ते सिद्ध होऊ दे, मग बघू.

घरात शिरलेली भीतीही नायी अशीच सांभाळून घेते. आकाशातून विमान गेलं की बाशू किंचाळतो, सगळ्यांना लपायला सांगतो. त्याला गावातलं आकाश आणि खुझेस्तानातलं आकाश वेगळं करता येत नाही. बाकीचे हसतात, वैतागतात. त्याची मेलेली आई काळ्या वस्त्रांत शेतात उभी दिसते, आणि कॅमेरा ती आपल्यालाही दाखवतो, जणू ती खरोखर तिथे आहे. कुठेही धूसर चौकट नाही, आठवणीत जाण्याची खूण नाही. हिरव्या शेतात काळी आकृती, बस. बाशूच्या बाजूनं पाहिलं तर ते तसंच असतं. तिला ‘भास’ म्हणतो ते आपण बाहेरचे.

पुस्तकातली तीन वाक्यं

आता त्या प्रसंगाकडे येते, ज्यावर या चित्रपटाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं गेलं आहे. गावची पोरं बाशूला चिडवतात, मारामारी होते. झटापटीत शाळेचं पुस्तक बाशूच्या हाती लागतं आणि तो ते मोठ्यानं वाचू लागतो. इराण आमची भूमी आहे, आपण सगळे एकाच पाण्या-मातीचे आहोत, आपण इराणची लेकरं आहोत, अशा अर्थाची वाक्यं. ती पुस्तकी फारसीत आहेत. ही फारसी बाशूची मातृभाषा नाही आणि त्या पोरांचीही नाही, पण शाळेत दोघांनीही तीच गिरवलीय. पोरं थक्क होतात. हा तर वाचतो! म्हणजे हा आपल्यातलाच.

आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर ‘भारत माझा देश आहे. सारे भारतीय माझे बांधव आहेत’ अशी प्रतिज्ञा छापलेली असते. नंदुरबारच्या आश्रमशाळेतल्या आणि सिंधुदुर्गातल्या शाळेतल्या मुलांना ती सारखीच पाठ असते. म्हणून हा प्रसंग मराठी प्रेक्षकाला सांगावा लागत नाही, तो अंगावर येतोच.

पुष्कळ जण इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, राष्ट्रभाषेनं दुरावा मिटवला. मला हे वाचन अपुरं वाटतं, आणि त्याचं कारण चित्रपटातच आहे. त्या तीन वाक्यांनी मारामारी थांबली हे खरं. पण त्यानंतरही सासरची माणसं त्याला परत धाडायला सांगतात. नवऱ्याच्या पत्रांतूनही त्याच्याविषयीची नाराजीच येते. ‘आपण एकाच मातीचे’ हे वाक्य तोंडपाठ असणारं तेच गाव बाशूच्या ताटातली भाकरी मोजत राहतं. पुस्तकानं ओळख करून दिली. आसरा दिला तो नायीनं, आणि तोही पुस्तकाच्या आधी.

शिवाय त्या घरातलं खरं बोलणं फारसीत होतच नाही. नायी एकेक वस्तू हातात धरते आणि तिला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगते, मुलगा आपल्याकडचा शब्द सांगतो. दोन शब्द शेजारी ठेवले जातात, एकानं दुसऱ्याची जागा घेतलेली नसते. ती पाखरांचे आवाज हुबेहूब काढते, त्याला ते आवाज कळतात. इथे प्रेक्षकाचीही परीक्षा आहे. तेहरानच्या सर्वसाधारण प्रेक्षकाला बाशूची अरबी कळत नाही आणि नायीची गिलकीही सगळी कळत नाही. म्हणजे फारसी सिनेमा बघायला आलेला राजधानीचा माणूस आपल्याच देशात दोन तास परका होतो. ही योजना धाडसाची होती. नायी झालेल्या सुसन तस्लीमी मूळच्या गिलानमधल्या रश्तच्या, म्हणून ती बोली त्यांच्या तोंडी उसनी वाटत नाही. बाशू झालेला अदनान अफ़राव्यान हा खुझेस्तानातलाच मुलगा, त्याआधी कधी कॅमेऱ्यापुढे न गेलेला.

आजार

बाशू आजारी पडतो तेव्हा नायी त्याची शुश्रूषा करते. पुढे तीच अंथरुणाला खिळते. आता घर कोण चालवणार? हा मुलगा. तो धडपडतो, रडतो, आणि मग ढोल वाजवू लागतो. वाजवता वाजवता देवाची करुणा भाकतो. इराणच्या दक्षिण किनाऱ्यावर ‘ज़ार’ नावाचा विधी आहे, त्यात आजाऱ्याला धरलेलं वारं ढोलाच्या तालावर उतरवतात. बाशूला ठाऊक असलेलं औषध म्हणजे ताल. उत्तरेच्या त्या ओल्या, धुकट गावात दक्षिणेचा ठेका घुमतो, आणि नायी बरी होते.

पुनर्वसनाचं काम करणाऱ्यांनी या प्रसंगापाशी थोडं बसावं असं मला मनापासून वाटतं. निर्वासित मुलाबद्दल आपण नेहमी त्याला काय द्यायचं याचीच यादी करतो. कपडे, शाळा, जेवण, समुपदेशन. त्याच्याकडे द्यायला काय आहे, हे विचारत नाही. बाशूकडे एक ढोल होता. तो वाजवेपर्यंत तो त्या घरात ठेवून घेतलेला मुलगा होता. त्या रात्रीनंतर घराचा भार वाहिलेला माणूस झाला. तो नायीला आई म्हणू लागतो त्याचा पाया इथे आहे.

नवऱ्याला धाडायचं पत्र आता बाशूच लिहितो, कारण घरात लिहिता येणारा तोच आहे. नायी सांगते आणि तो लिहितो, स्वतःबद्दलच. सगळ्या मुलांसारखा हाही सूर्याचं आणि मातीचं लेकरू आहे, असा त्या मजकुराचा भाव. आपल्याला ठेवून घेतल्याची कबुली मुलानं आपल्याच हातानं कागदावर उतरवली. दत्तकपत्राचा याहून चांगला नमुना मी पाहिलेला नाही.

तीन वर्षं डबाबंद

चित्रपट काढला होता कानूननं, म्हणजे बालक आणि किशोरांच्या बौद्धिक विकासासाठी 1965 मध्ये स्थापन झालेल्या तेहरानच्या संस्थेनं. कियारोस्तामींचे सुरुवातीचे चित्रपटही तिथलेच. अशा संस्थेचा, मुलावरचा, एकही शिवी नसलेला चित्रपट अडवण्यासारखं त्यात काय होतं?

उत्तरासाठी त्या वेळचा सरकारी आदर्श बघावा लागतो. इराणमध्ये या युद्धाचं अधिकृत नावच ‘पवित्र संरक्षण’. त्यातला सर्वांत गौरवलेला मुलगा म्हणजे मोहम्मद हुसेन फ़हमीदे. वय 13. 1980 मध्ये खुर्रमशहरच्या लढाईत हातबाँब घेऊन तो इराकी रणगाड्याखाली गेला. आयातुल्ला खोमेनींनी त्याचा जाहीर गौरव केला. त्याची चित्रं भिंतींवर रंगवली गेली, त्याची गोष्ट शाळेच्या पुस्तकांत गेली. युद्धातलं मूल कसं असावं, याचं ते सरकारी उत्तर होतं.

आणि बैझाईंचा मुलगा पळून येतो. आवाज झाला की आडवा पडतो. त्याला सूड नको, झेंडा नको, आई हवी. खरं तर युद्धातली बहुतेक मुलं अशीच असतात, पण युद्ध चालू असताना हे दाखवणं म्हणजे लढाईचा उत्साह मोडणं असं मानलं गेलं. त्यात भर पडली नायीची. त्या काळात इराणी पडद्यावर बाईचा चेहरा जवळून दाखवायला आणि तिनं थेट पाहायला मोठी बंधनं होती, तर इथे पहिल्याच दर्शनात ती प्रेक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालते. नवऱ्याच्या परवानगीशिवाय निर्णय घेते. बदल सुचवले गेले, बैझाईंनी मानले नाहीत. त्यांना हे नवीन नव्हतं. ‘तारा’ आणि ‘यज़्दगर्द’ या दोन पात्रांवरचे त्यांचे आधीचे चित्रपटही अडकवलेले होते, त्यांतही सुसन तस्लीमी होत्या, आणि विद्यापीठातली बैझाईंची नोकरीही 1979 च्या इस्लामी क्रांतीनंतर गेलेली होती.

युद्ध संपलं आणि मग ‘बाशू’ लोकांपुढे आला. तोवर तस्लीमी देश सोडून स्वीडनला गेल्या होत्या. ज्या चेहऱ्यावर इराणी प्रेक्षकांनी जीव टाकला, तो चेहरा तेव्हा इराणमध्ये नव्हताच. बैझाईही 2010 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. 2025 च्या व्हेनिस महोत्सवात या चित्रपटाच्या नव्यानं दुरुस्त केलेल्या प्रतीला सर्वोत्तम पुनरुज्जीवित चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्यामुळे आता जुन्या, फिकट पडलेल्या प्रतीऐवजी तो खाचराचा हिरवा रंग धडपणे बघायला मिळेल, ही मोठी गोष्ट आहे. त्या हिरव्यावर आईची काळी आकृती उमटली नाही तर अर्धा चित्रपट हरवतो.

नवरा येतो

शेवटी नवरा परततो, एक हात गमावून. कामाच्या शोधात गेलेला माणूस हात कुठे घालवून आला, हे बैझाई फार सांगत बसत नाहीत. पण पाहणाऱ्याला कळतं, की युद्ध या घरात दुसऱ्या दारानंही शिरलंय. मुलगा दक्षिणेकडून आला, बाप असा आला.

तो येतो तो तक्रार घेऊनच. हा पोरगा अजून इथेच? नायी हटत नाही. आमच्या बैठकांत इथे नेहमी कुणीतरी विचारतं, की नवऱ्याचं काय चुकलं, घरात आधीच दोन तोंडं आहेत, त्याचा हात गेलाय. प्रश्न रास्त आहे, आणि नायीकडे त्याचं हिशेबात बसणारं उत्तर नाही. तिच्याकडे मुलगा आहे, ज्यानं तिच्या आजारात घर सांभाळलं, शेतात राबला. बाशू त्या अनोळखी माणसापुढे उभा राहतो आणि हा कोण म्हणून विचारतो. उत्तर येतं, बाप.

इतक्यात रानडुक्कर शेतात शिरल्याची बोंब उठते. सुगीच्या तोंडावरचं शेत. नायी धावते, नवरा धावतो, तिची दोन्ही मुलं धावतात, बाशू धावतो. आरोळ्या ठोकत, मिळेल ते हातात घेऊन, सगळे हिरव्या खाचरात शिरतात. कोण गिलकीत ओरडतंय आणि कोण अरबीत, ते त्या कल्लोळात ओळखू येत नाही.